विनामूल्य रंगभूमीचे शिल्पकार जोसेफ पॅप

न्यूयॉर्क शहराच्या मध्यभागी असलेल्या सेंट्रल पार्क या विस्तीर्ण उद्यानात उन्हाळ्याच्या दिवसांत सकाळपासून एक लांबलचक रांग लागते. रात्री होणाऱ्या शेक्सपिअरच्या नाटकाची तिकिटे मिळवण्यासाठी लोक चटया अंथरून, डबे आणि पुस्तके घेऊन तेथे बसलेले असतात. त्या तिकिटांना पैसे पडत नाहीत. जगातील सर्वांत महागड्या नाट्यव्यवसायांपैकी एक असलेली ब्रॉडवे जेथून हाकेच्या अंतरावर आहे, तेथे नामवंत नटांचे नाटक फुकट पाहावयास मिळावे, ही व्यवस्था आपोआप घडून आलेली नाही. तिच्यामागे एका माणसाचा अर्ध्या आयुष्याचा हट्ट आहे. जोसेफ पॅप हे त्यांचे नाव. १९९१ साली त्यांचे निधन झाले. नट म्हणून ते कधी गाजले नाहीत, दिग्दर्शक म्हणून त्यांची गणना पहिल्या श्रेणीत झाली नाही. परंतु अमेरिकेतील ना-नफा रंगभूमीचा इतिहास त्यांचे नाव वगळून लिहिता येत नाही.

पॅप यांचा जन्म २२ जून १९२१ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील विल्यम्सबर्ग या वस्तीत झाला. घराण्याचे आडनाव पापिरोफ्स्की. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू स्थलांतरित होते. वडील पेट्या बनविण्याचे काम करीत. घरात यिडिश भाषा बोलली जाई. १९२९ च्या आर्थिक मंदीनंतर वडिलांना काम मिळेनासे झाले आणि कुटुंबाला एका घरातून दुसऱ्या घरात बिऱ्हाड हलवावे लागले. लहानग्या जोसेफने शेंगदाणे विकले, बूट पुसले, कोंबड्यांची पिसे काढण्याचेही काम केले. नाटकाचे तिकीट काढणे ही त्या घराच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती.

तरीही दोन ठिकाणी या मुलाला कलेचे दार उघडे सापडले. पहिले ठिकाण म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय. शेक्सपिअरची नाटके त्यांनी प्रथम तेथून आणून वाचली आणि ‘ज्युलियस सीझर’मधील भाषणे पाठ केली. दुसरे ठिकाण होते ब्रुकलिनमधील प्रॉस्पेक्ट पार्क. तेथे उन्हाळ्यात बँडचे विनामूल्य कार्यक्रम होत आणि हा मुलगा ते ऐकत बसे. पुस्तक फुकट मिळते, संगीत फुकट मिळते, मग नाटक का नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात कधी उद्भवला हे निश्चितपणे सांगता येणार नाही. मात्र पुढील आयुष्यात नाट्यगृहाची तुलना त्यांनी नेहमी ग्रंथालयाशीच केली, कधी दुकानाशी केली नाही. त्यांच्या साऱ्या लढायांचे मूळ या एका तुलनेत आहे.

दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात भरती झाले. युद्धनौकांवर आणि तळांवर खलाशांच्या करमणुकीसाठी कार्यक्रम बसविण्याचे काम त्यांच्याकडे आले. नंतर नृत्यदिग्दर्शक म्हणून नावारूपाला आलेले बॉब फॉसी हे अशाच एका नौदल पथकात त्यांच्याबरोबर होते. युद्ध संपल्यावर माजी सैनिकांना मिळणाऱ्या शैक्षणिक सवलतीचा लाभ घेऊन पॅप हॉलीवूडमधील ॲक्टर्स लॅबोरेटरी या संस्थेत दाखल झाले. ही संस्था डाव्या विचारांची म्हणून ओळखली जाई. त्या काळच्या अमेरिकेत ही ओळख महागात पडणारी होती आणि संस्था लवकरच बंद पडली. पॅप स्वतः तरुणपणापासून कम्युनिस्ट चळवळीत होते. या पूर्वेतिहासाचा हिशेब त्यांना दहा वर्षांनी चुकता करावा लागला.

त्यानंतर आर्थर मिलर यांच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ या नाटकाच्या दौऱ्यावर साहाय्यक रंगमंच व्यवस्थापक म्हणून ते गावोगाव फिरले आणि अखेर न्यूयॉर्कला परतून सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीत रंगमंच व्यवस्थापकाची नोकरी त्यांनी धरली. ही नोकरी १९६० पर्यंत टिकली. विनामूल्य नाट्यसंस्था चालविणाऱ्या माणसाला स्वतःला मात्र पोटासाठी दुसरीकडे चाकरी करावी लागत होती. संस्थेची पहिली काही वर्षे त्यांच्या पगारावरच तगली, असे म्हटल्यास फारसे वावगे ठरू नये.

चर्चच्या सभागृहात सुरुवात

१९५४ मध्ये मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात, सहाव्या रस्त्यावरील इमॅन्युएल प्रेस्बिटेरियन चर्चच्या सभागृहात पॅप यांनी ‘शेक्सपिअर वर्कशॉप’ सुरू केले. वस्ती गरिबांची होती. पाडल्या जात असलेल्या एका जुन्या नाट्यगृहातून खुर्च्या आणि सामान आणून सभागृह सजविण्यात आले. नटांना मोबदला नव्हता आणि प्रेक्षकांना तिकीट नव्हते. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण विभागाकडून संस्थेला ना-नफा शैक्षणिक संस्था म्हणून सनद मिळाली. कागदावरचा हा एक शब्द पुढे फार उपयोगी पडला. शैक्षणिक संस्था असल्यामुळे देणगीदारांकडे जाता येत होते, सरकारी जागा मागता येत होती आणि नाटक हे शिक्षण आहे, व्यापार नव्हे, हे न्यायालयात सांगता येत होते.

आरंभापासूनच पॅप यांच्या मनात आणखी एक गोष्ट पक्की होती. अमेरिकी नटाने शेक्सपिअर बोलताना इंग्रजी साहेबाची नक्कल करू नये. ब्रुकलिन किंवा हार्लेममधल्या माणसाला ही भाषा आपली वाटावयाची असेल, तर ती त्याच्याच उच्चारांतून आली पाहिजे. प्रवेश विनामूल्य ठेवणे हा या विचाराचा केवळ अर्धा भाग होता. दार उघडले आणि आतली बोली परकी राहिली, तर माणूस उंबरठ्यावरूनच परत जातो, हे यिडिशभाषक घरातून आलेल्या पॅप यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

१९५६ च्या उन्हाळ्यात नाटक उघड्यावर आले. ईस्ट नदीच्या काठी नगरपालिकेचे एक खुले रंगमंदिर जवळजवळ वापराविना पडून होते. तेथे ‘ज्युलियस सीझर’ आणि ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ ही नाटके सादर झाली. कॉलीन ड्यूहर्स्ट या अभिनेत्रीचे नाव याच प्रयोगांतून पुढे आले. रॉस्को ली ब्राउन या कृष्णवर्णीय नटाने व्यावसायिक रंगभूमीवर पहिले पाऊल ठेवले तेही याच ‘ज्युलियस सीझर’मध्ये. आसपासच्या वस्तीतील लोक मुलाबाळांसह येत. त्यांतील कित्येकांनी त्यापूर्वी जिवंत नाटक पाहिलेले नव्हते. सीझरचा खून होणार की नाही याची खरीखुरी उत्सुकता असलेला प्रेक्षक, ही कोणत्याही नटाला क्वचित लाभणारी गोष्ट होय. न्यूयॉर्क टाइम्सचे समीक्षक ब्रुक्स ॲटकिन्सन यांनी या प्रयोगांची दखल घेतली आणि रिकाम्या झालेल्या तिजोरीत थोडे पैसे आले.

पुढच्या वर्षी पॅप यांनी नाटकच चाकांवर चढविले. मालमोटारीवर घडी घालता येईल असा रंगमंच तयार करून शहराच्या निरनिराळ्या भागांतील उद्यानांत प्रयोग करावयाचे, अशी ही योजना होती. ती उत्साहाने सुरू झाली, परंतु जुनी गाडी दौऱ्याचा ताण सहन करू शकली नाही. अखेर सेंट्रल पार्कमधील बेल्व्हेडिअर किल्ल्याच्या पायथ्याशी, तळ्याकाठी ती विसावली आणि तेथेच संस्थेचा मुक्काम पडला. आज ज्या जागेला विनामूल्य शेक्सपिअरचे माहेरघर मानले जाते, तिची निवड एका थकलेल्या गाडीने केली आहे.

चौकशी समिती आणि हिरवळीचा वाद

जून १९५८ मध्ये अमेरिकी संसदेच्या अमेरिकाविरोधी कारवाया चौकशी समितीने पॅप यांना पाचारण केले. आपण सध्या कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य नाही असे त्यांनी सांगितले, मात्र जुन्या काळाविषयी आणि इतरांच्या नावांविषयी बोलण्यास घटनेचा आधार घेऊन नकार दिला. शेक्सपिअरच्या नाटकांतून कम्युनिस्ट प्रचार केला जातो काय, असेही समितीने त्यांना विचारले. चारशे वर्षांपूर्वीच्या नाटककाराला पक्षकार्यकर्ता ठरविण्याचा हा प्रयत्न आज हास्यास्पद वाटतो, परंतु त्या दिवशी तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सीबीएसने त्यांना तत्काळ नोकरीवरून काढून टाकले. पॅप यांनी कामगार संघटनेमार्फत लवादाकडे दाद मागितली आणि नोकरी परत मिळविली. काळ्या यादीच्या त्या पर्वात असा निकाल फारच थोड्यांच्या वाट्याला आला.

खरी लढाई त्यापुढच्या वर्षी झाली. न्यूयॉर्कचे उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस हे त्या शहरातील सर्वांत सामर्थ्यवान अधिकारी मानले जात. पूल, महामार्ग, उद्याने यांच्या उभारणीवर त्यांचा दीर्घकाळ एकछत्री अंमल होता आणि महापौरही त्यांच्या वाटेला जात नसत. प्रारंभी मोझेस यांनी पॅप यांना उद्यानात प्रयोग करण्यास परवानगी दिली होती. परंतु १९५९ च्या वसंतात त्यांनी नवी अट घातली. प्रेक्षकांकडून एक ते दोन डॉलर प्रवेशशुल्क घ्यावे आणि त्यातील हिस्सा उद्यान विभागाला द्यावा, कारण गर्दीच्या पायांखाली हिरवळ तुडविली जाते आणि जमिनीची धूप होते.

पैसे घेतले असते तर संस्थेचा फायदाच झाला असता. दोन डॉलर ही ब्रॉडवेच्या मानाने किरकोळ रक्कम होती आणि पुष्कळ हितचिंतकांनी तडजोडीचा सल्लाही दिला. पॅप यांनी तो मानला नाही. एकदा तिकीट लावले की ज्यांच्यासाठी हा खटाटोप मांडला तो माणूस पहिल्यांदा गळतो आणि ज्याला परवडते तो उरतो, असा त्यांचा सरळ हिशेब होता. दरम्यान पॅप यांच्या राजकीय पूर्वायुष्याची चर्चा करणारे एक निनावी पत्र मोझेस यांच्या कार्यालयातून लोकांपर्यंत पोहोचविले गेले. त्यामुळे मोझेस यांची प्रतिमाच अधिक डागाळली. महापौर रॉबर्ट वॅग्नर यांनी हस्तक्षेप केला नाही. वृत्तपत्रांतून मात्र हा वाद गाजू लागला. एका बाजूला अवाढव्य सत्ता आणि दुसऱ्या बाजूला पदरमोड करून नाटक करणारा एक माणूस, हे चित्र वाचकांना समजावण्याची आवश्यकता नव्हती.

पॅप न्यायालयात गेले. पहिल्या पायरीवर निकाल मोझेस यांच्या बाजूने लागला. जून १९५९ मध्ये अपील न्यायालयाने एकमताने तो फिरविला. जी संस्था विनामूल्य कार्यक्रम करू इच्छिते तिला शुल्क आकारण्यास भाग पाडणे हे मनमानीचे आणि अवाजवी आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. उद्यानाच्या देखभालीचा वाजवी खर्च मागण्याचा अधिकार न्यायालयाने आयुक्तांना ठेवला होता. त्याचा आधार घेऊन मोझेस यांनी २०,००० डॉलरची मागणी केली. देणगीदारांनी ती रक्कम उभी केली आणि त्याच उन्हाळ्यात सेंट्रल पार्कमध्ये पुन्हा ‘ज्युलियस सीझर’ सुरू झाले.

यानंतरची गोष्ट अधिक लक्षणीय आहे. पराभूत झालेल्या मोझेस यांनीच उद्यानात कायमस्वरूपी खुले नाट्यगृह बांधण्यासाठी नगरपालिकेकडे निधी मागितला. काम खर्चाअभावी अडले तेव्हा प्रकाशक जॉर्ज डेलाकोर्ट यांनी १,५०,००० डॉलरची देणगी दिली. जून १९६२ मध्ये डेलाकोर्ट थिएटर उघडले. पहिले नाटक होते ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’. जॉर्ज सी. स्कॉट शायलॉकच्या भूमिकेत होते आणि मोरोक्कोच्या राजपुत्राची भूमिका तरुण जेम्स अर्ल जोन्स करीत होते. नाटकातील ज्यू पात्राच्या चित्रणामुळे न्यूयॉर्कमधील ज्यू धर्मगुरूंच्या मंडळाने दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणास विरोध केला. स्वतः ज्यू असलेल्या पॅप यांनी प्रयोग मागे घेतला नाही.

वस्त्यांकडे पुन्हा

डेलाकोर्ट मिळाल्यावर स्वस्थ बसणे शक्य होते. परंतु सेंट्रल पार्कपर्यंत येणारा प्रेक्षक हळूहळू सुशिक्षित मध्यमवर्गाचा होऊ लागला आहे, हे पॅप यांच्या ध्यानात आले होते. १९६४ मध्ये त्यांनी फिरता रंगमंच नव्याने बांधून घेतला आणि ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ वस्त्यावस्त्यांत नेले. त्याच वर्षी स्पॅनिश भाषेतील प्रयोगही सुरू झाले, कारण शहरात प्वेर्तो रिकोहून आलेल्या लोकांची संख्या मोठी होती. सर्व ठिकाणी स्वागतच झाले असे नाही. काही वस्त्यांत मुलांनी दगड फेकले, आरडाओरडा केला, प्रयोग थांबवावे लागले. नाटक लोकांपर्यंत नेल्याने लोक आपोआप नाटकाचे होत नाहीत, याचा हा रोखठोक अनुभव होता. नट मात्र तेथूनच अधिक काही शिकले. कंटाळा आला तर हा प्रेक्षक सौजन्य म्हणून टाळ्या वाजवीत नसे.

भूमिका देताना वर्णाचा विचार न करण्याचे पॅप यांचे धोरण आज सर्वमान्य झाले आहे. तेव्हा ते धाडसाचे होते. जेम्स अर्ल जोन्स यांनी १९७३ मध्ये डेलाकोर्टच्या रंगमंचावर किंग लिअर साकारला. त्याच नाटकात एडमंडचे काम करणारे राउल हूलिया हे प्वेर्तो रिकोचे नट. हाताला काम नसताना त्यांनी पॅप यांच्याकडे मिळेल ते काम मागितले होते आणि काही काळ प्रेक्षागृहाच्या व्यवस्थापकाचे काम केले होते. १९७९ मध्ये पॅप यांनी केवळ कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषक समाजातील नटांना घेऊन शेक्सपिअरची नाटके बसविली. त्यातील कोरिओलेनसची भूमिका मॉर्गन फ्रीमन यांनी केली.

ग्रंथालयाच्या इमारतीत नाट्यगृह

संस्थेला बारमाही छप्पर हवे होते. लाफायेट रस्त्यावरील ॲस्टर ग्रंथालयाची एकोणिसाव्या शतकातील भव्य इमारत पाडली जाण्याच्या बेतात होती. धनाढ्य व्यापारी जॉन जेकब ॲस्टर यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून उभे राहिलेले हे ग्रंथालय सर्वांस विनामूल्य खुले होते. पुस्तके दुसरीकडे हलविल्यानंतर १९२१ पासून सुमारे चार दशके ही वास्तू ज्यू स्थलांतरितांना मदत करणाऱ्या संस्थेकडे होती आणि युरोपातून आलेल्या असंख्य निर्वासितांना तिने निवारा दिला होता. ग्रंथालयात वाढलेल्या, स्थलांतरितांच्या पोटी जन्मलेल्या पॅप यांनी ही वास्तू विकत घ्यावी हा योगायोगच; पण कादंबरीकाराने असा योगायोग योजला असता तर वाचकांनी त्याला नावे ठेवली असती. शहराने १९६५ मध्ये नुकताच केलेला वारसा वास्तूंचा कायदा कामी आला आणि इमारत वाचली.

ऑक्टोबर १९६७ मध्ये पब्लिक थिएटरचा आरंभ शेक्सपिअरने झाला नाही. तो झाला ‘हेअर’ या रॉक संगीतिकेने. लांब केस राखणारी, व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारी तरुण पिढी तीत रंगमंचावर आली होती. तिकीट अडीच डॉलर होते. पुढे दुसऱ्या निर्मात्याने ही संगीतिका ब्रॉडवेवर नेली आणि अमाप पैसा मिळविला. पॅप यांच्या संस्थेच्या पदरी त्यातले फारच थोडे पडले. हा धडा ते विसरले नाहीत.

इमारतीच्या दुरुस्तीने आणि नव्या नाटकांच्या खर्चाने संस्था कर्जात बुडाली. १९७१ मध्ये न्यूयॉर्क नगरपालिकेने ती वास्तू २६ लाख डॉलरना विकत घेतली आणि वर्षाला एक डॉलर भाड्याने संस्थेलाच परत दिली. नगरपालिका भिंती आणि छप्पर सांभाळील, संस्था आत काय चालावे ते ठरवील, ही वाटणी अनेक ना-नफा नाट्यगृहांना अनुकरणीय वाटली. नगरपालिकेचा पैसा घेऊन नगरपालिकेचे न ऐकणे हे कौशल्य मात्र पॅप यांचे स्वतःचे होते.

याच इमारतीतून पुढे आलेल्या चार्ल्स गॉर्डोन यांच्या ‘नो प्लेस टू बी समबडी’ या नाटकाला १९७० चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. नाटकासाठी हा मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय लेखक होत. डेव्हिड रेब यांचे ‘स्टिक्स अँड बोन्स’ व्हिएतनामहून आंधळा होऊन परतलेल्या सैनिकाची कथा सांगत होते. १९७३ मध्ये त्याचे दूरचित्रवाणी रूपांतर दाखविण्यास सीबीएसने ऐनवेळी नकार दिला तेव्हा पॅप यांनी त्या कंपनीबरोबरचा मोठा करार मोडून टाकला. त्याच वर्षी दूरचित्रवाणीने त्यांना आणखी एक वेगळा चटका दिला. ‘मच अडू अबाउट नथिंग’चा ब्रॉडवेवरील यशस्वी प्रयोग त्यांनी दूरचित्रवाणीवर दाखविला. लाखो घरांत एका रात्रीत शेक्सपिअर पोहोचला आणि ब्रॉडवेवरील तिकीटविक्री कोसळून नाटक बंद करावे लागले. सर्वांना कला उपलब्ध करून देण्याचा सर्वांत सोपा मार्ग नाट्यगृहाच्याच मुळावर येऊ शकतो, हे त्यातून दिसले.

फुकट नाटकाचा खर्च

विनामूल्य नाटकाचा खर्च कोणीतरी करतच असतो. पॅप यांच्याबाबतीत तो दीर्घकाळ एका संगीतिकेने केला. १९७४ मध्ये नृत्यदिग्दर्शक मायकेल बेनेट यांनी समूहात नाचणाऱ्या कलावंतांना एकत्र बसवून त्यांच्या आयुष्याच्या कहाण्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांचे नाटक होईल की नाही याची खात्री नसताना पॅप यांनी त्यांना जागा दिली आणि महिनोन्महिने चाललेल्या तालमींसाठी नर्तकांना आठवड्याला सुमारे १०० डॉलर दिले. नफ्यासाठी नाटक करणारा निर्माता एवढा वेळ थांबला नसता. १९७५ मध्ये पब्लिक थिएटरच्या तीनशेहून कमी खुर्च्यांच्या प्रेक्षागृहात ‘अ कोरस लाइन’ सादर झाले आणि जुलैमध्ये ब्रॉडवेवर गेले. या वेळी हक्क संस्थेकडेच राहिले. १९९० पर्यंत त्याचे ६,१३७ प्रयोग झाले. त्यातून आलेल्या कोट्यवधी डॉलरवर सेंट्रल पार्कमधील नाटके, अनोळखी लेखकांची पहिली नाटके आणि त्यातली पुष्कळशी अपयशेही चालली. ब्रॉडवेवर महागडे तिकीट काढणारा पर्यटक नकळत उद्यानातील प्रेक्षकाचे तिकीट काढत होता.

सर्व डाव यशस्वी झाले नाहीत. १९७३ मध्ये लिंकन सेंटर या प्रतिष्ठित कलासंकुलातील नाट्यगृहाची सूत्रे पॅप यांनी हाती घेतली. तेथील वार्षिक सभासदांना त्यांची कडवट नवी नाटके रुचली नाहीत, तोटा वाढत गेला आणि १९७७ मध्ये त्यांनी ते सोडून दिले.

माणूस म्हणून पॅप सोपे नव्हते. एका क्षणी ते एखाद्या लेखकाला घरच्यासारखे वागवीत आणि दुसऱ्या क्षणी त्याचे नाटक रद्द करीत. चौकशी समितीच्या दिवसांपासूनचे त्यांचे जिवलग सहकारी बर्नार्ड गर्स्टन यांना १९७८ मध्ये एका मतभेदावरून त्यांनी तडकाफडकी दूर केले. संस्थेचे सर्व निर्णय एकाच माणसाच्या पसंती-नापसंतीवर अवलंबून होते. लोकशाहीसाठी उभारलेले हे नाट्यगृह आतून लोकशाहीने चालत नव्हते, हे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागते. चार विवाह झाले. चौथ्या पत्नी गेल मेरिफील्ड या संस्थेच्या नाट्यसंहिता विभागाचे काम पाहत.

१९८२ मध्ये हॉटेलसाठी ब्रॉडवेवरील मोरोस्को आणि हेलन हेज ही जुनी नाट्यगृहे पाडली जाणार होती. ती वाचविण्यासाठी पॅप रस्त्यावर उतरले आणि अनेक कलावंतांसह त्यांना अटक झाली. नाट्यगृहे वाचली नाहीत. १९८५ मध्ये एड्सच्या साथीवरील लॅरी क्रेमर यांचे ‘द नॉर्मल हार्ट’ त्यांनी सादर केले. या रोगाचे नाव घेण्यास सरकारी अधिकारीही तेव्हा कचरत होते. १९९० मध्ये केंद्रीय कलानिधीने अनुदानाबरोबर अश्लीलताविरोधी अट घातली, तेव्हा पॅप यांनी ते अनुदान नाकारले. ‘अ कोरस लाइन’ त्याच वर्षी बंद झाले होते आणि संस्थेला पैशाची निकड होती.

तोवर कर्करोगाने त्यांना गाठले होते. जून १९९१ मध्ये त्यांचा मुलगा टोनी एड्सने मरण पावला. ३१ ऑक्टोबर १९९१ रोजी मॅनहॅटनमधील राहत्या घरी पॅप यांनी अखेरचा श्वास घेतला. ते ७० वर्षांचे होते.

शेक्सपिअरची सर्व नाटके क्रमाने सादर करण्याचा जो उपक्रम त्यांनी १९८७ मध्ये हाती घेतला होता, तो त्यांच्यामागे १९९७ मध्ये ‘हेन्री आठवा’ या नाटकाने पूर्ण झाला. फिरता रंगमंच २०१० च्या सुमारास पुन्हा सुरू झाला आणि तुरुंगांत, निवाराघरांत जाऊ लागला. २०१३ पासून शहरातील सर्वसामान्य रहिवाशांनाच व्यावसायिक नटांबरोबर डेलाकोर्टच्या रंगमंचावर उभे केले जाऊ लागले. फुकट तिकिटालाही किंमत असते हे मधल्या काळात दिसून आले होते. ज्याला दिवसभर रांगेत बसण्याइतकी सवड आहे त्यालाच ते मिळते, आणि काहींनी तर पैसे देऊन रांगेत माणसे बसविली. त्यावर उपाय म्हणून सोडत आणि शहराच्या इतर भागांत तिकीटवाटप या पद्धती आल्या. मोठ्या दुरुस्तीनंतर ऑगस्ट २०२५ मध्ये डेलाकोर्ट थिएटर ‘ट्वेल्फ्थ नाइट’ने पुन्हा उघडले, तेव्हाही तिकीट विनामूल्यच होते.